अगाथाबाई आणि त्यांची चाणाक्ष आजी

स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे देण्याची महिला मंडळांची जुनी चाल आहे. आपला जिल्हा तर या बाबतीत मोठा भाग्यवान. अहिल्यादेवी आपल्याच चौंडीच्या, आणि स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांची कितीतरी वर्षे नगरात गेली. त्यांच्याविषयी जाणत्या भगिनींनी पुष्कळ लिहिले आहे. मी यंदा सातासमुद्रापलीकडच्या एका बाईंचे चरित्र लिहावयास घेतले आहे. त्यांचे नाव अगाथा ख्रिस्ती. नाव वाचून कोणाला या मिशनातल्या बाई वाटतील, पण तसे नव्हे. ख्रिस्ती हे त्यांच्या पहिल्या यजमानांचे आडनाव. बाई इंग्लंडच्या, आणि त्यांचा उद्योग म्हणजे रहस्यकथा लिहिणे.

तुम्ही म्हणाल, त्यांचा आणि आपला काय संबंध? तर संबंध नगरचाच आहे. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ या नाटकातले प्राध्यापक बारटक्के आठवतात ना? ते नाटक लिहिणारे आणि ती भूमिका करणारे मधुकर तोरडमल हे अहमदनगर महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांनीच अगाथाबाईंच्या अनेक कादंबऱ्या मराठीत आणल्या. म्हणून तर माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईला त्या वाचता आल्या. आमच्या मंडळात दुपारी एकीने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी वाती वळत, शेंगा फोडत ऐकावे असा परिपाठ आहे. या बाईंची पुस्तके निघाली की कोणी चहाला उठत नाही. मात्र, खुनाबिनाची पुस्तके घरंदाज बायकांनी कशाला वाचावीत, असे काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा बाईंचे चरित्रच पुढे ठेवावे, असे मला वाटले.

अगाथाबाईंचा जन्म 15 सप्टेंबर 1890 रोजी टॉर्की या समुद्रकाठच्या गावी झाला. तीन भावंडांत त्या शेंडेफळ. मुलीने आठव्या वर्षापर्यंत वाचावयास शिकू नये असे आईचे मत होते, पण पोरीने पाचव्या वर्षाच्या सुमारास आपले आपणच वाचन हस्तगत केले. शाळा अशी त्यांना फारशी घडलीच नाही. शिक्षण बहुतेक घरीच झाले आणि शुद्धलेखन जन्मभर कच्चेच राहिले. स्वभाव अतिशय लाजाळू. त्या अकरा वर्षांच्या असताना वडील वारले. घरची पुंजी आधीच आटत चालली होती. तेव्हापासून आई आणि धाकटी लेक एकमेकींच्या आधाराने राहू लागल्या.

1914 च्या डिसेंबरात त्यांचे आर्ची ख्रिस्ती या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न झाले. पहिले महायुद्ध पेटलेले होते, त्यामुळे नवरा आघाडीवर आणि बायको टॉर्कीच्या इस्पितळात जखमींची शुश्रूषा करीत, असा संसार सुरू झाला. पुढे त्यांना औषधे तयार करण्याच्या विभागात घातले. तेथे त्या औषधांचा आणि विषांचा अभ्यास करून परीक्षाही पास झाल्या. गुणकारी वस्तू मात्रा चुकली की मारक कशी होते, हे त्यांनी तेथे पाहिले.

तेव्हाची एक गोष्ट फार बोलकी आहे. ज्या औषधविक्रेत्याकडे त्या शिकत होत्या, त्याने एकदा औषध तयार करताना दशांश चिन्ह भलत्या जागी मांडले. बाईंच्या ते ध्यानात आले. पण तो मोठा जाणता गृहस्थ, आणि या शिकाऊ मुलगी. त्याला चूक दाखविली तर तो मानणार नाही, आणि गप्प बसले तर ते औषध रोग्याच्या पोटात जाणार. तेव्हा त्यांनी अडखळल्याचे निमित्त करून तो सगळा घाणा जमिनीवर सांडला, वर पायाखाली चांगला तुडविला, आणि धांदरटपणाबद्दल माफी मागितली. औषध पुन्हा नव्याने करावे लागले. सासरी नांदलेल्या कोणत्या बाईला ही युक्ती निराळी समजावून सांगावी लागेल?

तू काही रहस्यकथा लिहू शकणार नाहीस, असे थोरल्या बहिणीने त्यांना पूर्वी हिणविले होते. औषधांच्या फडताळांजवळ बसल्या बसल्या बाईंच्या डोक्यात कथानक घोळू लागले. अर्धे लिखाण झाल्यावर आईने सुचविले की पंधरा दिवस रजा काढून एकटीने कोठेतरी जा आणि पुस्तक पुरे कर. त्याप्रमाणे त्या माळरानावरच्या एका हॉटेलात जाऊन राहिल्या. सकाळी लिहावे आणि दुपारी पात्रांची भाषणे मोठ्याने म्हणत माळावर हिंडावे, असा क्रम ठेवला. काही प्रकाशकांनी ते पुस्तक परत पाठविले. शेवटी 1920 साली ते निघाले आणि बाईंच्या हाती 25 पौंड आले. तोवर कन्या रोझालिंड एक वर्षाची झाली होती.

1926 हे वर्ष मात्र त्यांना कठीण गेले. त्या वर्षी आई वारली. माहेरचे घर आवरण्याचे काम एकट्या अगाथाबाईंवर पडले. त्या दुःखातून सावरतात तोच नवऱ्याने सांगितले की आपले दुसरीवर मन बसले आहे, काडीमोड हवा. 3 डिसेंबरच्या रात्री बाई मोटार घेऊन बाहेर पडल्या त्या परतल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी रिकामी मोटार सापडली. हजारो माणसे त्यांना शोधू लागली आणि वर्तमानपत्रांना तर पर्वणीच लाभली. कोणी म्हणे जीव दिला, कोणी म्हणे नवऱ्याने मारले, कोणी म्हणे पुस्तके खपावीत म्हणून हे ढोंग. अकराव्या दिवशी त्या हॅरोगेट गावच्या एका हॉटेलात दुसऱ्याच नावाने राहत असलेल्या आढळल्या. त्या दिवसांविषयी बाईंनी आपल्या आत्मचरित्रात चकार शब्द लिहिलेला नाही. जगाची कोडी सोडविणाऱ्या बाईंनी आपले एक कोडे झाकून ठेवले, आणि मला वाटते तो त्यांचा हक्कच होता.

1928 साली काडीमोड झाला. पदरी लहान मुलगी आणि मन तर मुळीच थाऱ्यावर नाही. अशा स्थितीत त्यांनी एक कादंबरी नेटाने पुरी केली. ती त्यांना स्वतःला कधीच आवडली नाही. पण हौस म्हणून लिहिणे वेगळे आणि मन नसताना, पोटासाठी, ठरल्या वेळी लिहून देणे वेगळे. त्या दिवसांत आपण धंदेवाईक लेखिका झालो, असे त्या सांगत. त्याच वर्षी त्या एकट्या रेल्वेने बगदादकडे निघाल्या. पुढे त्याच मुलखात मॅक्स मॅलोवन हे जुन्या वस्तू उत्खनन करणारे संशोधक त्यांना भेटले. ते बाईंपेक्षा चौदा वर्षांनी लहान होते. 1930 साली दोघांचे लग्न झाले आणि ते शेवटपर्यंत सुखाचे ठरले. निमरूदच्या उत्खननात निघालेल्या हस्तिदंती वस्तू बाई विणायच्या सुईने आणि तोंडाला लावायच्या क्रीमने हलक्या हाताने साफ करीत. ही युक्ती घरच्या बाईलाच सुचावी!

आता त्यांच्या आजीविषयी. डिसेंबर 1927 मध्ये, म्हणजे बाईंचा संसार मोडत असतानाच, एका मासिकात मिस मार्पल नावाची म्हातारी प्रथम अवतरली. काही मंडळी एका संध्याकाळी जमली आहेत. त्यांत लेखक आहे, वकील आहे, पाद्री आहे, चित्रकर्ती आहे, शिवाय स्कॉटलंड यार्डचा निवृत्त बडा अधिकारी आहे. प्रत्येकाने एक न उलगडलेली हकीकत सांगावयाची आणि बाकीच्यांनी ती सोडवावयाची. कोपऱ्यात एक अविवाहित म्हातारी विणकाम करीत बसली आहे, तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. सगळ्यांचे तर्क फसतात आणि म्हातारी टाके मोजता मोजता अचूक उत्तर सांगते. पुढे 1930 पासून तिच्या कादंबऱ्या आल्या. अशा 12 कादंबऱ्या आणि 20 लघुकथा आहेत. अगाथाबाईंची इलिंगची आजी आणि त्या आजीच्या मैत्रिणी यांच्यावरून ही म्हातारी सुचली. ती आजी प्रत्येकाविषयी वाईटातले वाईट धरून चाले आणि बहुतेक वेळा तिचेच खरे ठरे!

आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार घरोघरी गाजला. त्याच्याजवळ पिस्तूल आणि धाडस. मार्पलबाईंजवळ काय? लोकरीचा गुंडा, बागेतली खुरपणी आणि चहाचे निमंत्रण. त्यांचे बोलणेही सरळ नाही. चोरीविषयी विचारावे तर त्या पूर्वी कोळंबी कशी नाहीशी झाली होती ते सांगू लागतात. पोलीस अधिकारी कंटाळून घड्याळाकडे पाहतात, आणि आपण हसत असताना ध्यानात येते की बाईंनी उत्तर सांगूनसुद्धा टाकले. त्यांचा सिद्धांत एवढाच की माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखा. आपल्या खेड्यातल्या कोणत्या माणसासारखा हा वागतो, एवढे ओळखले की पुढचे सुचते. कुरतडलेली नखे, जुना झगा, मोलकरणीची घाबरी नजर, असल्या बारीकसारीक गोष्टींवरून त्या माग काढतात. या गोष्टी पुरुषमाणसांना दिसत नाहीत असे नाही, पण त्यांना त्या क्षुल्लक वाटतात.

वडीलधाऱ्यांना मी एवढेच सांगेन की या पुस्तकांत रक्ताचे वर्णन फार थोडे असते आणि विचार करावयास लावणारे पुष्कळ. त्यांचा उपयोगही झालेला आहे. 1977 साली कतारहून एक तान्हे पोर लंडनच्या इस्पितळात आणले होते. दुखणे कोणाला कळेना. तेथली एक परिचारिका त्याच सुमारास अगाथाबाईंची 1961 ची एक कादंबरी वाचीत होती. तीत थॅलियम नावाच्या विषाची लक्षणे दिली आहेत, त्यांत केस गळणे हे एक. पोराचे केस गळत असलेले पाहून तिला शंका आली. तपासणीत ती खरी ठरली आणि पोर वाचले. हे व्हायच्या आधीच, 12 जानेवारी 1976 रोजी, बाई वारल्या होत्या.

त्यांचे कर्तृत्व केवढे म्हणावे! 66 रहस्यकादंबऱ्या, शिवाय नाटके. त्यांतले ‘माउसट्रॅप’ लंडनमध्ये 1952 साली सुरू झाले. ते 2020 च्या साथीत प्रथमच काही काळ बंद पडले आणि पुढल्या वर्षी पुन्हा सुरू झाले. त्या नाटकाचे हक्क त्यांनी नऊ वर्षांच्या नातवाला वाढदिवसाची भेट म्हणून दिले होते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना त्या पुन्हा इस्पितळात औषधे करीत, आणि आपले काही बरेवाईट झाले तर लेकीला एक व यजमानांना एक अशी दोन पुस्तके लिहून त्यांनी ठेवीसारखी जपून ठेवली. त्यांतले यजमानांसाठी लिहिलेले पुस्तक मार्पलबाईंचे होते. ते बाईंच्या मृत्यूनंतर छापले गेले. 1971 साली सरकारने त्यांना ‘डेम’ ही पदवी दिली. इतके असूनही लिहावयास स्वतंत्र खोली असावी असा त्यांचा हट्ट नव्हता. जेवणाचे टेबल किंवा तोंड धुण्याचा संगमरवरी ओटा त्यांना पुरे. कोठे कागदावर धंदा विचारला तर त्या विवाहित स्त्री असेच लिहीत.

भगिनींनो, दुसऱ्याच्या घरात काय चालले आहे हे पाहण्याची दृष्टी आपणा बायकांना भरपूर आहे. त्याबद्दल आपल्याला नावेही ठेवतात. पण चहाडी आणि चौकशी यांत अंतर आहे. 1926 साली अगाथाबाईंच्या दुःखावर साऱ्या देशाने चहाडी केली. मार्पलबाईंनी मात्र तीच नजर निरपराध माणसाला सोडविण्याकरिता वापरली. शेजारची सून तिसऱ्यांदा मोरीत पाय घसरून पडल्याचे सांगत असेल, हौशी मुलगी एकाएकी हळदीकुंकवाला यायची बंद झाली असेल, तर आपल्याला ते आधी दिसते. दिसल्यावर आपण ते चार घरी सांगतो, की तिच्या दारी जाऊन तिच्याजवळ बसतो, हाच प्रश्न आहे.

1957 च्या एका कादंबरीत मार्पलबाईंची एक मैत्रीण आगगाडीतून जाताना शेजारून धावणाऱ्या दुसऱ्या गाडीत खून होताना पाहते. प्रेत सापडत नाही. म्हातारीला भास झाला असेल असे सगळ्यांना वाटते. एकट्या मार्पलबाई मैत्रिणीच्या शब्दावर विश्वास ठेवतात, आणि तेथून छडा लागू लागतो. घरकामात तरबेज अशी एक शिकलेली तरुणी त्यांच्या सांगण्यावरून त्या घरी कामाला राहते आणि प्रेत शोधून काढते. एकीने पाहिले, दुसरीने मानले, तिसरीने कंबर कसली. महिला मंडळ म्हणजे तरी आणखी काय असते? एखादी भगिनी काही सांगू लागली तर तिचे म्हणणे आधी खरे धरून ऐकावे, एवढे आपण या वर्धापनदिनी मनाशी ठरवू या.