केडगावच्या पंडिता रमाबाई आणि आपला प्रायश्चित्तकाळ



राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागते आणि मग घराघरांतून एकच विषय निघतो: यंदा कुणी काय सोडले? कुणी मटण सोडतो, कुणी चहा, कुणी तंबाखू. अलीकडे मुले मोबाईल सोडल्याचे सांगतात (दोन दिवस टिकते). सोडणे चांगलेच आहे. परंतु ख्रिस्तसभा या काळात उपवास, प्रार्थना आणि दानधर्म या तीन गोष्टी एकत्र सांगते. त्यांतली पहिली आपण उत्साहाने धरतो आणि तिसरी मिस्साच्या थैलीवर सोपवून मोकळे होतो. म्हणून या रविवारी आम्ही आपल्याच तालुक्यात राहून गेलेल्या एका स्त्रीचे चरित्र सांगायचे ठरवले आहे.

पुण्याहून गाडीने दौंडला येताना यवत, खुटबाव मागे पडले की केडगाव लागते. शिरूरकडची माणसे न्हावरा करीत तिथे पोहोचतात. मुक्ती मिशन सर्वांना ठाऊक आहे. ते उभारणाऱ्या पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. मग आपल्या पत्रिकेत त्या कशा, असे काहींच्या मनात येईल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयी जो आदेश काढला, त्यात आपल्यापासून वेगळ्या झालेल्या बंधुभगिनींच्या जीवनातले ख्रिस्ताचे कार्य आनंदाने ओळखावे असे सांगितले आहे. आपण तर शेजारी आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे संस्कृत पंडित. स्त्रियांना संस्कृत शिकवायचे नाही अशा त्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले आणि त्यापायी लोकांचा रोषही पत्करला. आईने रमाबाईंना शिकवले. हे कुटुंब तीर्थांमागून तीर्थे हिंडत पुराणे सांगत असे. व्रते, उपास, तीर्थस्नाने सर्व मनापासून चाले. मग दुष्काळ आला. जवळचे सारे संपले, झाडपाल्यावर दिवस काढावे लागले. १८७४ साली वडील गेले आणि त्यामागोमाग आई. मरणाच्या दारात असलेल्या आईसाठी रमाबाई शेजारच्या घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेल्या. मागायची सवय नव्हती, तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने ओळखून तुकडा दिला, पण आईला तो खाता आला नाही. पुढे थोरली बहीणही गेली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक भेद पक्का करून घेतात: माणसाच्या बाबतीत जे घडते ते एक आणि माणूस जे स्वतः करतो ते दुसरे. उपासमार घडते, उपवास केला जातो. दोन्हींत पोट रिकामेच असते, पण पहिलीत इच्छेला जागा नाही. रमाबाईंना पहिली गोष्ट सोळाव्या वर्षी कळली. आपल्याला बहुधा दुसरीच ठाऊक असते, आणि तीसुद्धा १८ ते ५९ वयाच्या नियमापुरती, राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी.

रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले. दोघे पायी देशभर हिंडले. पंजाबच्या थंडीत पांघरूण नव्हते म्हणून वाळूत खड्डे करून त्यांत झोपले. १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्यावर तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढची चार वर्षे धावती आहेत: भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह, मुलगी मनोरमेचा जन्म आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन. त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन केला.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या मठात राहताना २९ सप्टेंबर रोजी, महादूत मायकलच्या सणाच्या दिवशी, मायलेकींनी स्नानसंस्कार घेतला. या निर्णयामागचा एक प्रसंग आम्हाला फार मोलाचा वाटतो. लंडनमध्ये या भगिनी, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना आश्रय देत. असे काम रमाबाईंनी पूर्वी पाहिले नव्हते. हे कशासाठी, असे त्यांनी विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट समजावून सांगितली. योहानच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय. ‘अ’ वर्षी प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी आपण तोच ऐकतो. मोठा आहे, उभे राहून पाय दुखतात, हे आम्हालाही दिसते! पण त्या एका उताऱ्याने एका पंडितेच्या आयुष्याची दिशा बदलली.

स्नानसंस्कारानंतर त्या मुकाट झाल्या असे मात्र नाही. भगिनींशी त्यांचे धर्मसिद्धांतांवरून आणि अधिकारावरून पत्रांतून वाद चालले. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आमची संस्कृत काय वाईट आहे, असाही त्यांचा सवाल होता. धर्मगुरू या नात्याने त्यांची सगळी मते आम्हाला पटत नाहीत. तरी विश्वास विचारपूर्वकच स्वीकारायचा, हा त्यांचा आग्रह आम्हाला आपला वाटतो.

अमेरिकेतून मदत उभी करून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. आईवडिलांचे मरण त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी मध्य प्रांतात जाऊन दुष्काळी छावण्या पाहिल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना बरोबर आणले. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या माळरानावर त्यांना उतरवले. तिथे १८९८ साली मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि माणसे जवळजवळ दोन हजारांवर गेली. विहिरी खणल्या, माग बसवले, गुरे पाळली, तेलघाणा आणि छापखाना सुरू केला. अंध स्त्रियांची वेगळी सोय केली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन काढले. वाँटेजच्या भगिनींकडून ऐकलेली शोमरोनी स्त्री अशी दौंड तालुक्यातल्या विहिरीवर आली. १९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट उसळली. तिच्याविषयी खूप लिहिले गेले आहे. आम्हाला ते दोन हजार माणसांचे रोजचे जेवण अधिक थक्क करते.

आपला प्रायश्चित्तकाळ येतो तेव्हा इकडे ऊसतोडीचा हंगाम सरत आलेला असतो. बीड, अहिल्यानगरकडची कुटुंबे कोप्यांतून राहतात आणि त्यांची पोरे शाळा सोडून आलेली असतात. वाचलेल्या मटणाचे पैसे तुमच्या घरी कुठे जातात, हे आम्ही विचारत नाही. तुम्हीच घरात बसून एकदा हिशेब करा.

रमाबाईंनी स्वतः सोडलेली सर्वांत मोठी गोष्ट आमच्या मते अन्न नव्हे, संस्कृत होती. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. क्रुसावर संस्कृतसाठी भांडलेल्या या विदुषीने त्यात जड संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले, कारण ते खेड्यातल्या बायकांना वाचता यायला हवे होते. छपाईही मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली. नवा करार १९१३ साली निघाला. ऐकू येणे कमी झाले होते, प्रकृती ढासळत होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाही गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. तो प्रायश्चित्तकाळातला बुधवार होता, झावळ्यांचा रविवार चार दिवसांवर आला होता. आपल्या ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत त्यांचे नाव नाही. अमेरिकेतली एपिस्कोपल ख्रिस्तसभा मात्र त्यांचे स्मरण ५ एप्रिललाच करते. संपूर्ण मराठी बायबल १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले.