हिस्लॉप आणि गोदावरीकाठचे शंख

नांदेडच्या घाटांवरून वाहणारी गोदावरी पुढे राजमहेंद्रीजवळ ज्या काळ्या खडकाला भिडते, तो नांदेड-लातूरच्या काळ्या पाषाणाचा सगोत्रच होय. या नात्याचा उलगडा करण्यासाठी एका धर्मोपदेशकाने शंख-शिंपल्यांची वर्गवारी हाती घेतली. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप नागपूरच्या महाविद्यालयामुळे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या गोगलगायींची आठवण मात्र फारशी कोणी ठेवलेली नाही.

१८१७ साली स्कॉटलंडमधील डन्स येथे जन्मलेले हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह भटकताना, लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये चेपलेल्या गाळात त्यांना शिंपले आढळले. नांदेडला लागून असलेल्या निर्मळच्या डोंगरांत माल्कमसन या लष्करी शल्यवैद्याला असे शंख त्यापूर्वीच मिळाले होते; परंतु त्यांचा पद्धतशीर विचार हिस्लॉप यांनी केला.

काम सोपे नव्हते. प्राणी केव्हाच नाहीसा झालेला. उरलेले केवळ कवच, तेही बहुधा फुटके. वेटोळी, मुखाचा आकार, पृष्ठावरील रेषा एवढ्यावरून कूळ ठरवायचे. १८६० मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. नागपूरकडील फायसा, पॅल्युडिना हे शंख गोड्या पाण्यातले. राजमहेंद्रीचे टरिटेला, सेरिथियम, नॅटिका हे खाऱ्या वा मचूळ पाण्यातले. म्हणजे लाव्हा थांबे तेव्हा दख्खनच्या अंतर्भागात तळी साचत आणि पूर्वेस समुद्र टेकलेला असे. टरिटेला प्रिलाँगा या समुद्री गोगलगायीचे नामकरण त्यांचेच.

कालनिर्णयात मात्र ते अंशतः चुकले. हे सारे थर त्यांनी तृतीयक युगाच्या आरंभी ठेवले. आज नागपूरकडील थर त्याआधीच्या, डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातील, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात. राजमहेंद्रीचे थर त्या संहारानंतर लगेचचे असल्याचे गेर्टा केलर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सूक्ष्म सागरी जीवाश्मांवरून दाखवले. तेवढ्यापुरते हिस्लॉप बरोबर निघाले!

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पूर आलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. घोडा तेवढा स्वाराविना परतला. गोंडांविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. शंखांचे काम तेवढे त्यांच्या हयातीत छापून झाले होते.