मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग

जी भाषा आपण आईच्या मांडीवर शिकतों तिलाहि नियम असतात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. व्याकरण असावें तें संस्कृताचें. मराठी काय, ती आपोआप येते, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जाणत्या लोकांतहि होता. हा समज दूर करण्यासाठीं झटलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजीं मुंबईस झाला. त्यांच्या घराण्याचें मूळ गांव वसईजवळील तर्खड. तो भाग आज पालघर जिल्ह्यांत मोडतो. परंतु २०१४ सालापर्यंत तो ठाणें जिल्ह्यांतच होता. म्हणून शहापूर-मुरबाडकरांस दादोबा अगदींच परके नव्हेत. मुंबईंत इंग्रजी शिक्षण घेऊन ते शिक्षकी पेशांत शिरले, आणि वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं, १८३६ सालीं, त्यांचें महाराष्ट्र भाषेचें व्याकरण प्रसिद्ध झालें. त्यापूर्वीं १८०५ सालीं विल्यम केरी यांनीं मराठीचें व्याकरण छापिलें होतें. परंतु तें इंग्रजींत, परकीयांस मराठी शिकतां यावी म्हणून. दादोबांनीं मराठी मुलांस त्यांचीच भाषा मराठींतून उलगडून दाखविली.

हें काम किती सूक्ष्म असतें तें एका उदाहरणानें पाहूं. गुण सांगणारा शब्द तें विशेषण, असें आपण शाळेंत शिकतों. पण आमच्याकडील शेतकरी कसा बोलतो? पहिल्या सरींनीं जमीन ओलावते, आषाढांत काळू नदीचें पात्र रुंदावतें, पाऊस सरला कीं भातसेचा ओघ मंदावतो. येथें ओला, रुंद, मंद हे गुण क्रियापदांत शिरले आहेत. उलट पिकणें, वाहणें, करपणें हीं क्रियापदें. पण पिकलेलें भात, वाहता ओहोळ, करपलेलें रोप असें म्हणतांना त्यांचींच रूपें विशेषणाचें काम करितात. त्यांतहि भेद आहेच. पिकलेला आंबा खातां येतो. पिकणाऱ्या आंब्याची वाट पाहावी लागते!

उत्तर आफ्रिकेंतील बर्बर भाषांत तर तांबडें असणें, मोठें असणें अशा अर्थांचीं स्वतंत्र क्रियापदेंच आहेत, व त्यांच्या रूपांनीं वस्तूंचे गुण सांगतात. यावरून दिसतें कीं, एका भाषेचा सांचा दुसरीस जसाच्या तसा बसत नाहीं. दादोबांनीं संस्कृत व इंग्रजी या दोन्ही व्याकरणांचा आधार घेतला खरा. परंतु नियम मराठीचे शोधावयाचे होते. एकदां पुस्तक छापून ते स्वस्थ बसले नाहींत. १८५० सालीं त्यांनीं त्याची दुसरी आवृत्ति काढिली, आणि १८६५ सालीं लघुव्याकरण प्रसिद्ध केलें.

व्याकरणाबरोबरच समाजाकडेहि त्यांची दृष्टि होती. १८४४ सालीं सुरतेस दुर्गाराम मेहताजी यांच्यासह त्यांनीं मानवधर्मसभा स्थापिली. पुढें १८४९ सालीं मुंबईंत जातिभेद न मानणारी परमहंस सभा निघाली, तिच्याहि मुळाशीं तेच होते. त्यांचे धाकटे बंधु डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे १८६७ सालच्या प्रार्थना समाजाचे संस्थापक होत. १८५२ सालीं दादोबा नगर येथें डेप्युटी कलेक्टर झाले. पण सरकारी कामाच्या व्यापांतहि त्यांनीं मराठीचा अभ्यास सोडला नाहीं. १७ ऑक्टोबर १८८२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. मराठी भाषेचे पाणिनि या नांवानें महाराष्ट्र त्यांस ओळखतो.

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कित्येक मुलें शहरांत गेलीं म्हणजे त्यांच्या बोलण्यास लोक हंसतात, आणि तीं गप्प बसूं लागतात. अशा मुलांनीं हें चरित्र अवश्य मनन करावें. शेतावर, ओटीवर, चुलीपाशीं जें बोललें जातें, त्यालाहि नियम आहेत. तीं रूपें ऐकून टिपून ठेवणें हा विद्येचाच भाग आहे. पालकांनीं मुलांस शुद्ध लिहिण्याचा आग्रह जरूर करावा, पण घरच्या बोलीची लाज मात्र शिकवूं नये. ज्या भाषेसाठीं दादोबा झटले, ती तुमच्याआमच्या तोंडचीच भाषा होय.