चुलालोंगकॉर्न
चुलालोंगकॉर्न ऊर्फ पाचवे राम (२० सप्टेंबर, १८५३ – २३ ऑक्टोबर, १९१०) हे सयामचे, म्हणजेच आजच्या थायलंडचे, चक्री घराण्यातील राजे होते. वडील मोंगकुट यांच्या निधनानंतर १८६८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी ते गादीवर आले. १८७२ साली त्यांनी ब्रिटिश भारताचा दौरा केला. त्यात मुंबईचाही समावेश होता.

१८७३ साली त्यांनी दरबारातील लोटांगणाची प्रथा बंद केली. गुलामगिरी त्यांनी टप्प्याटप्प्याने संपवली. १८७४ साली आरंभलेले हे कार्य १९०५ च्या कायद्याने तडीस गेले. फ्रान्स व ब्रिटन यांच्या कात्रीत सापडूनही सयाम स्वतंत्र राहिला. मात्र त्यासाठी मेकाँगच्या पूर्वेकडील लाओस आणि कंबोडियाचा पश्चिम भाग फ्रान्सला, तर केदाहसह चार मलय संस्थाने ब्रिटनला द्यावी लागली.

मुलूख गमावूनही लोकमानसात ते स्वातंत्र्याचे रक्षणकर्तेच ठरले. आजही घरांत व दुकानांत त्यांच्या तसबिरी आढळतात. त्यांचा जन्मवार मंगळवार असल्याने त्या दिवशी संध्याकाळी बँकॉकमधील त्यांच्या अश्वारूढ पुतळ्यापुढे भाविक उदबत्त्या लावतात आणि गुलाबाची गुलाबी फुले वाहतात. गुलाबी हा थाई परंपरेत मंगळवारचा रंग होय. त्यांच्या स्मृतिदिनी, २३ ऑक्टोबरला, देशभर सार्वजनिक सुट्टी असते.