दादा कोंडके

कृष्णा ऊर्फ दादा कोंडके (८ ऑगस्ट १९३२ – १४ मार्च १९९८) हे मराठी विनोदी अभिनेते, चित्रपटनिर्माते, दिग्दर्शक व गीतकार होते. तमाशाच्या फडातील सोंगाड्याला त्यांनी रुपेरी पडद्यावरचा नायक केले. त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले आणि या विक्रमाची नोंद गिनीज बुकात झाली.

पूर्वायुष्य

दादांचा जन्म मुंबईतील नायगाव येथील चाळीत झाला. कुटुंब मूळचे भोरजवळील इंगवलीचे. गिरणगावात वाढलेला हा मुलगा दांडगट होता. सोडावॉटरच्या बाटल्या फेकून होणाऱ्या मारामाऱ्यांत तो पुढे असे. पुढे त्यांनी 'अपना बाजार'मध्ये नोकरी केली. याच काळात एका वर्षाच्या आत त्यांचे अनेक निकटचे आप्त मृत्यू पावले आणि थोरले बंधू धोंडीराम तेवढे उरले. या आघाताने दादा जवळजवळ वर्षभर कोणाशी धड बोलत नव्हते. त्यातून सावरल्यावर त्यांनी लोकांना हसवण्याचे ठरवले. त्यांच्या विनोदाला केवळ थिल्लर म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग क्वचितच विचारात घेतलेला दिसतो.

वगनाट्य

बँडपथकातून सुरुवात करून दादा सेवा दलाच्या कलापथकात आले. निळू फुले व राम नगरकर यांचा सहवास त्यांना तेथेच लाभला. 'खणखणपूरचा राजा'मधील त्यांचे काम पाहिलेल्या वसंत सबनीसांनी त्यांच्यासाठी 'विच्छा माझी पुरी करा' हे वगनाट्य लिहिले. कोतवालाची जागा रिकामी होते. हवालदाराला ती आपल्याला मिळेल अशी आशा असते, पण ती प्रधानाच्या मेव्हण्याला मिळते. मग हवालदार मैनावतीच्या मदतीने नव्या कोतवालाला राजाचा छपरी पलंग चोरायला लावतो. कथानक एवढेच. परंतु वगात संहितेइतकेच महत्त्व हजरजबाबीपणाला असते. दादांचा हवालदार त्या दिवसाच्या राजकारणावर, गावातल्या घडामोडींवर टोले मारीत असे, त्यामुळे पुन्हा पाहणाऱ्यालाही प्रयोग नवा वाटे. दीड हजारांहून अधिक प्रयोगांच्या निमित्ताने महाराष्ट्र पालथा घालताना कोणता प्रेक्षक कशाला हसतो, याचे शिक्षण त्यांना मिळाले. आशा भोसले या वगाच्या चाहत्या होत्या. त्यांच्या शिफारशीवरून भालजी पेंढारकरांनी 'तांबडी माती' (१९६९) मध्ये दादांना भूमिका दिली.

चित्रपट

'सोंगाड्या' (१९७१) हा त्यांची निर्मिती असलेला पहिला चित्रपट; दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे होते. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात एका हिंदी चित्रपटासाठी 'सोंगाड्या' डावलला जात असता दादांनी बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे धाव घेतली. शिवसैनिक उभे राहिले आणि चित्रपट तेथे लागला. 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार' (१९७५), 'राम राम गंगाराम' असे यश मिळत गेले. 'पांडू हवालदार'पासून ते दिग्दर्शकही झाले. अशोक सराफ यांना मोठी ओळख मिळाली ती याच चित्रपटामुळे.

सैल सदरा, अर्धी चड्डी आणि लोंबणारी नाडी ही त्यांची खूण. नायक भोळा, आईच्या धाकातला. ही आई बहुधा रत्नमाला यांनी साकारलेली. द्व्यर्थी संवादांवरून सेन्सॉरशी त्यांचे सतत खटके उडाले. शब्द साधे असत, दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या मनात उमटे, आणि तो म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नसे. सवाल-जवाब आणि लावणीची परंपरा ज्यांना परकी नव्हती, त्या गिरणीकामगारांना व ग्रामीण प्रेक्षकांना हा विनोद आपला वाटला. सुशिक्षितांनी मात्र नाके मुरडली, जरी त्यांच्यापैकी अनेकजण चित्रपटगृहात हजर असत. ही टीका सर्वस्वी निराधार नव्हती. उत्तरकाळातील चित्रपटांत, विशेषतः 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (१९८६) सारख्या हिंदी चित्रपटांत, द्व्यर्थ उरला आणि वगातली राजकीय धार बोथट झाली.

१४ मार्च १९९८ रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. अनिता पाध्ये यांनी शब्दबद्ध केलेले त्यांचे आत्मकथन 'एकटा जीव' या नावाने प्रसिद्ध आहे.