कॅफेच्या तळघरात प्रोजेक्टर लावला, ३३ लोक आले आणि जगाला सिनेमाचं वेड लागलं

घरात होम थिएटर करायचं म्हटलं की प्रश्न सुरू होतात. खोली छोटी आहे, प्रोजेक्टर कुठं ठेवायचा? तो तापला तर? १८९५ साली पॅरिसमधल्या एका तळघरात हेच प्रश्न होते, आणि त्यांची उत्तरं एका यंत्रात तयार होती. ते यंत्र लुई ल्युमिएरचं. फ्रेंचमध्ये ल्युमिएर म्हणजे उजेड. आडनावच असं असल्यावर दुसरं काय होणार?

लुईचा जन्म ५ ऑक्टोबर १८६४ चा, बेझाँसाँ गावातला. वडील अंत्वान आधी चित्रकार, मग फोटोग्राफर. पुढं कुटुंब लिऑनला आलं. वयाच्या १७ व्या वर्षी लुईनं फोटोच्या काचा बनवायची भारी पद्धत शोधली. त्या काचांवर घरचा कारखाना असा चालला की पैशाची चिंताच मिटली.

१८९४ साली वडिलांनी पॅरिसमध्ये एडिसनचा किनेटोस्कोप पाहिला. पेटीच्या भोकाला डोळा लावायचा आणि आतली हलती चित्रं बघायची. पण एका वेळी एकच माणूस. ही चित्रं पेटीतून बाहेर काढून भिंतीवर टाका, असं त्यांनी पोरांना सांगितलं.

अडचण अशी होती की पडद्यावर चित्र स्पष्ट दिसायला फिल्म क्षणभर थांबली पाहिजे आणि लगेच पुढं सरकली पाहिजे. हे कोडं लुईला सुटलं ते शिलाई मशीनवरून. मशीनमध्ये कापड सरकतं, टाका पडेपर्यंत थांबतं, परत सरकतं. तसंच त्यानं फिल्मच्या भोकांत अडकणारा आकडा बसवला. हँडल फिरवलं की सेकंदाला साधारण १६ चित्रं. शूटिंग, प्रिंट काढणं आणि पडद्यावर दाखवणं, सगळं एकाच पेटीत, आणि वजन पाचेक किलो. १३ फेब्रुवारी १८९५ ला लुई आणि थोरला भाऊ ऑग्युस्त यांच्या नावानं पेटंट नोंदवलं गेलं.

राहिला उष्णतेचा प्रश्न. आर्क दिवा भयंकर तापायचा आणि तेव्हाची फिल्म ठिणगी पडली तरी पेटायची. म्हणून दिव्यासमोर पाण्यानं भरलेला काचेचा गोल चंबू ठेवला. पाणी उष्णता शोषून घ्यायचं आणि चंबू भिंगासारखा उजेड एकवटायचा. चंबू फुटलाच तर उजेड फिल्मवर एकवटायचाच नाही, म्हणजे आगीचा धोकाही कमी.

आता जागा हवी होती. वडिलांनी ग्राँ कॅफेचं तळघर ठरवलं. मालकाला कमाईतला २० टक्के वाटा देऊ केला. त्याला खेळ चालेल असं वाटेना, त्यानं रोजचं ३० फ्रँक भाडं मागितलं.

२८ डिसेंबर १८९५. तिकीट १ फ्रँक. लोक आले फक्त ३३. दोघं भाऊ तर लिऑनलाच होते. दहा छोट्या फिल्म दाखवल्या, त्यात कारखान्यातून सुटणारे कामगार होते. ट्रेन अंगावर येतेय म्हणून लोक पळाल्याचा किस्सा याच दिवसाचा म्हणून सांगतात, पण ट्रेनची फिल्म त्या यादीत नव्हतीच.

काही आठवड्यांतच रोज दोन हजारांवर लोक येऊ लागले. म्हणजे २० टक्क्यांनी दिवसाला ४०० फ्रँक. मालकाच्या हातात मात्र ३०.

सहा महिन्यांनी तीच जादू मुंबईत पोहोचली. ७ जुलै १८९६ ला काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकिटात सहा फिल्म दाखवल्या, त्यात ट्रेनही होती. ते खेळ पाहून सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, भारावले. त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती शूट केली.

पण अंदाज एकट्या कॅफेवाल्याचा चुकला नव्हता. ल्युमिएरांनाही हे वेड फार टिकेल असं वाटत नव्हतं. दहाएक वर्षांत त्यांनी फिल्म बनवणं थांबवलं. लुई रंगीत फोटोंकडं वळला आणि बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण वापरणाऱ्या त्याच्या काचा १९०७ मध्ये बाजारात आल्या.

६ जून १९४८ ला, ८३ व्या वर्षी लुई गेला. तोवर सिनेमा बोलायला लागला होता, रंगीत झाला होता. लिऑनच्या ज्या कारखान्यातून ते कामगार बाहेर पडले, तिथली शेड आजही जपून ठेवलीय. तिथं आता सिनेमे दाखवतात.