बाबासाहेबांच्या ताटाशी बसलेल्या डॉक्टर

होटगीत आम्ही घरोघर फिरतो तेव्हा एक तक्रार हमखास ऐकू येते. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितले, पुढचा पेशंट आत बोलावला, संपले. घरात काय शिजते, रात्री किती वाजता जेवता, हे कोणी विचारलेच नाही. मग गोळ्यांची पिशवी बाबासाहेबांच्या फोटोशेजारच्या खिळ्याला लटकते. फोटोतल्या माणसालाही मधुमेहच होता, हे आपल्या कितीतरी तरुणांना ठाऊक नाही.

लंडनला शिकताना बाबासाहेब अर्धपोटी राहिले. रात्रीची भूक पापडांवर भागवत. पुढे अन्न मिळाले, पण वेळेवर जेवण कधी जमले नाही. राजगृहात वाचता वाचता पहाट होई. 27 मे 1935 रोजी रमाई गेल्या आणि हक्काने ताटावर बोलावणारे माणूस गेले.

ऑगस्ट 1947 मध्ये ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, तेव्हा शरीर पार थकले होते. पायांच्या नसा ठणकत, झोप लागत नसे. मुंबईत डॉ. मालवणकरांकडे उपचार सुरू झाले. तिथेच डॉ. शारदा कबीर काम करत. 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला आणि त्या सविता आंबेडकर झाल्या. त्यानंतर इन्सुलिन, पथ्य, विश्रांती हे सारे माईसाहेबांनी हाती घेतले. चिठ्ठीवरचा सल्ला रोजच्या ताटापर्यंत आला.

कोसलचा राजा प्रसेनजित भरपेट जेवून धापा टाकत बुद्धांकडे आला होता. बुद्धांनी मात्रेत खायला सांगितले. राजाने एका तरुणाला रोज जेवताना त्याची आठवण द्यायला नेमले, तेव्हा कुठे त्याचे शरीर हलके झाले.

बाबासाहेबांचा आजार मात्र फार पुढे गेला होता. तरीही संविधान पूर्ण झाले, 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. 6 डिसेंबरला ते गेले. नंतर आपल्याच काहींनी माईसाहेबांवर संशय घेतला. आमच्या मते तो अन्यायच होता, आणि तो अजून पुरता मिटलेला नाही.

यंदा चैत्यभूमीला निघणाऱ्यांची साखर आम्ही होटगीच्या विहारात तपासणार आहोत. येताना घरात जेवण वाढणाऱ्या माणसालाही सोबत आणा. डॉक्टरांशी बोलायला दोघांनीही बसायचे आहे.